वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : भक्तपूरला जायचे तर मुक्कामाला जावे

नेपाळच्या काठमांडू खोऱ्यातील भक्तपूर या जुन्या राजनगराविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत. ज्या पत्रांतील विचारणा सारखीच होती, त्यांना मिळून एकच उत्तर दिले आहे.

प्रश्न : आम्ही काठमांडूला चार दिवसांसाठी जात आहोत. सहल आयोजकांनी भक्तपूरसाठी दुपारचे चार तास ठेवले आहेत. तेवढ्या वेळात गाव पाहून होईल का, की एखादा दिवस वाढवून मागावा?

दिवस तर वाढवून मागावाच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे रात्र मागावी. भक्तपूर काठमांडूच्या पूर्वेला साधारण १३ किलोमीटरवर आहे आणि अंतर इतके थोडे असणे हेच या गावाच्या मुळावर आले आहे, कारण जवळ म्हणून लोक दुपारी येतात, तीन चौकांत छायाचित्रे काढतात आणि संध्याकाळच्या आत परततात. ते पाहतात ती देवळे खरी असतात, पण ज्या वेळी ती देवळे गावाची असतात ती वेळ त्यांच्या हातून निसटते.

पहाटे साडेपाचच्या सुमारास तौमढी चौकात येऊन उभे राहावे. त्या वेळी चौकात पर्यटक जवळजवळ नसतो. हातात पितळी ताट घेतलेल्या बायका गल्ल्यांमधून येत असतात आणि ताटात तांदळाचे दाणे, फुले, शेंदूर व एक लहानशी पेटती वात असते. त्या मोठ्या देवळापाशीच थांबतात असे नाही. वाटेतल्या कोपऱ्यावर, एखाद्या घराच्या भिंतीत बसवलेल्या मूर्तीपाशी, कधी तर नुसत्या रस्त्यातल्या घडीव दगडापाशीही त्या वाकतात, चिमूटभर तांदूळ वाहतात, बोटाने शेंदूर लावतात आणि तेच बोट स्वतःच्या कपाळाला टेकवून पुढे निघतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आदल्या दुपारी ज्या दगडावरून निष्काळजीपणे चाललो होतो, तोच दगड सकाळी ओल्या शेंदराने माखलेला पाहून मी मनातून शरमलो. मुक्काम केला नसता तर ती चूक मला कधीच कळली नसती.

या चौकातील न्यातपोल हे पाच छपरांचे मंदिर राजा भूपतींद्र मल्ल याने १७०२ साली बांधले. उंची सुमारे ३० मीटर. देवळाकडे चढणाऱ्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना पाच टप्प्यांवर जोडीने रक्षक बसवलेले आहेत: सर्वांत खाली जयमल आणि पत्ता हे दोन मल्ल, म्हणजे पहिलवान, त्यांच्या वर हत्ती, मग सिंह, मग शार्दूल हे काल्पनिक पशू आणि सर्वांत वर व्याघ्रिणी व सिंहिणी या देवता. मल्लांचे बळ सामान्य माणसाच्या दहापट, हत्तींचे मल्लांच्या दहापट, अशी ही चढण मोजायची आणि पाचव्या पायरीनंतर आत असलेल्या देवीच्या सामर्थ्याची कल्पना आपली आपण करायची. ती देवी सिद्धिलक्ष्मी, आणि तिच्या गाभाऱ्यात पुजाऱ्यांखेरीज कोणालाही प्रवेश नाही. राजाने बांधकामासाठी स्वतः विटा वाहिल्या असे गावातले लोक आजही सांगतात. दुपारी या पायऱ्यांवर विश्रांतीला बसलेल्यांची दाटी असते, त्यामुळे ही रचना डोळ्यांत नीट भरत नाही. पहाटे ती एका नजरेत दिसते.

त्रिभुवन विमानतळ काठमांडूच्या पूर्व कडेला, म्हणजे भक्तपूरच्याच बाजूला आहे. म्हणून माझा आग्रहाचा सल्ला असा की, विमानतळावरून थेट भक्तपूर गाठावे, तेथे निदान दोन रात्री काढाव्यात आणि काठमांडू नंतर पाहावे. परदेशी पाहुण्यांना गावात शिरताना प्रवेश शुल्क भरावे लागते. भारतीयांसाठी, सार्क देशांचे नागरिक म्हणून, दर इतर परदेशीयांपेक्षा कमी आहे. मुक्काम करणार असल्याचे तिकीट घेतानाच सांगावे, म्हणजे त्याच तिकिटावर पुढचे दिवस नोंदवून मिळतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सुमारे ६ किलोमीटरवरच्या चांगुनारायणाला जाऊन यावे. तेथे लिच्छवी राजा मानदेव याचा इसवी सन ४६४ मधील संस्कृत शिलालेख आहे आणि पतीच्या निधनानंतर सती जाऊ पाहणाऱ्या आपल्या आईला त्याने कसे थांबवले, हे त्या लेखात त्याने स्वतःच सांगितले आहे.

प्रश्न : आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दत्तभक्ती आहे आणि कुलदेवता तुळजाभवानी आहे. भक्तपुरात दत्तात्रेयाचे प्राचीन मंदिर असून तेथील तळेजू देवी ही तुळजाभवानीच होय, असे ऐकले. हे कितपत खरे आहे? दर्शन मिळते का?

दत्तात्रेयाचे मंदिर आहे आणि फार जुने आहे. गावाच्या पूर्व भागातील चौकाला त्याचेच नाव मिळाले आहे. हे मंदिर पंधराव्या शतकातले, राजा यक्ष मल्लाच्या काळाशी जोडलेले आहे आणि एकाच झाडाच्या लाकडातून ते उभे राहिले अशी समजूत आहे. मूळची वास्तू यात्रेकरूंच्या निवाऱ्याची होती आणि पुढचा भाग नंतर जोडला गेला, ही गोष्ट देवळाच्या बाजूने चालत गेल्यास सहज लक्षात येते. मात्र मनात गाणगापूर किंवा नरसोबाची वाडी ठेवून तेथे जाऊ नये. देवळासमोरच्या खांबावर गरुड आहे, जवळ शंख आणि चक्र ही विष्णूची आयुधे आहेत, आणि दाराशी न्यातपोलच्या पायथ्याला भेटलेले तेच दोन मल्ल पुन्हा उभे आहेत. ब्रह्मा, विष्णू आणि शिव यांचे एकरूप म्हणून दत्ताची पूजा तेथेही होते, पण भोवतीचा सारा थाट वैष्णव आहे. आपला देव दुसऱ्या घरी वेगळ्या पोशाखात भेटावा, तसा तो अनुभव असतो, आणि मला तो फार जवळचा वाटतो.

याच चौकाला लागून पुजारी मठ आहे. त्याच्या बाजूच्या अरुंद गल्लीत पिसारा फुलवलेल्या मोराची लाकडी खिडकी आहे. ती खिडकी आकाराने लहान आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण तिची चित्रे पाहून गेलेले लोक ती शोधत दोनदा तिच्यापुढून निघून जातात. गल्लीत पाठ समोरच्या भिंतीला टेकवून उभे राहिले की पिसाऱ्याभोवतीच्या चौकटीत कोरलेले लहान पक्षी मोजता येतात. मठात आता लाकडी कोरीवकामाचे संग्रहालय आहे.

तळेजूचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. तळेजू ही येथे राज्य करणाऱ्या मल्ल घराण्याच्या राजांची इष्टदेवता. ती तराईतील, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडील सपाट प्रदेशातील, सिम्रौनगढ येथून भक्तपुरात आली असे परंपरा सांगते. सिम्रौनगढला राज्य करणारे घराणे स्वतःला कर्णाट म्हणवीत असे आणि त्याचा मूळ पुरुष नान्यदेव दक्षिणेकडून आलेल्यांपैकी मानला जातो. १३२४-२५ च्या सुमारास घियासुद्दीन तुघलकाच्या सैन्याने ती राजधानी घेतली, राजा हरिसिंहदेव डोंगरांकडे निघाला आणि वाटेतच वारला. त्याची राणी देवलदेवी हिला भक्तपुरात आश्रय मिळाला, आणि देवीही त्या परिवाराबरोबर आली असे मानतात. दक्षिणेतून आलेले घराणे आणि तळेजू, तुळजा या नावांतील साम्य या दोन गोष्टींमुळे अनेकांनी दोन्ही देवी एकच मानल्या आहेत. नाते जवळचे आहे, असे म्हणायला पुरेसा आधार आहे. त्यापुढे जाऊन दोन्ही ठिकाणची पूजापद्धती एकच असेल, असे मात्र समजू नये.

देवीचे स्थान राजवाड्याच्या आत, सुनढोका या सोनेरी दरवाजाच्या पलीकडे आहे. हा दरवाजा राजा रणजित मल्लाने अठराव्या शतकाच्या मध्यावर उभारला. तळेजूच्या चौकात केवळ हिंदूंना जाऊ देतात आणि तेथे छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. द्वारपाल जितके आत जाऊ देतील तितके जावे, नमस्कार करावा आणि परत फिरावे. आपली कुलदेवता येथलीच आहे म्हणून अधिक आत सोडा, असा आग्रह धरणारे यात्रेकरू मी पाहिले आहेत. ते पाहून वाईट वाटते. ज्या गावाने सात शतके या देवीची मर्यादा सांभाळली, त्या गावाची शिस्त पाळणे हीसुद्धा तिची सेवाच आहे.

प्रश्न : मी वास्तुकलेची विद्यार्थिनी आहे. २०१५ च्या भूकंपानंतर भक्तपुरातील बरीच देवळे नव्याने बांधली गेली असे वाचले. मग आता तेथे जे पाहायला मिळते ते अस्सल मानावे की प्रतिकृती?

आपला प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

२५ एप्रिल २०१५ चा भूकंप ७.८ क्षमतेचा होता. दरबार चौकातील वत्सला दुर्गेचे शिखरशैलीतील दगडी मंदिर कोसळले, फसीदेगा मंदिर पडले आणि नागरी वस्तीतील विटामातीची असंख्य घरे जमीनदोस्त झाली. न्यातपोल मात्र उभे राहिले. १५ जानेवारी १९३४ च्या त्याहून मोठ्या भूकंपातही ते किरकोळ नुकसानीवर निभावले होते, तर त्याच चौकातील भैरवनाथाचे मंदिर तेव्हा पूर्ण पडले होते. म्हणजे पर्यटक आज भैरवनाथाचे जे मंदिर प्राचीन म्हणून पाहतो, ते विसाव्या शतकात पुन्हा उभे केलेले आहे. पन्नास वर्षांनी वत्सलेच्या मंदिराविषयीही लोक तसेच म्हणतील.

हे समजून घेण्यासाठी नेवार, म्हणजे या खोऱ्यातील मूळ रहिवासी समाजाच्या, बांधणीकडे पाहावे. बाहेरून दिसणारी गुळगुळीत, तेलकट चमक असलेली वीट ही दाची अप्पा. ती पाचरीच्या आकाराची असते, दर्शनी बाजूला रुंद आणि आत निमुळती, त्यामुळे भिंतीच्या तोंडाशी दोन विटांमधली सांध दिसतही नाही आणि मातीचा गिलावा आतल्या बाजूला सुरक्षित राहतो. छपराचा भार तिरक्या लाकडी टेकूंवर असतो. त्यांना टुंडाल म्हणतात आणि त्यांवर देवदेवता कोरलेल्या असतात. तुळया, चौकटी आणि टुंडाल साल वृक्षाच्या लाकडाचे, आणि जोड खिळ्यांऐवजी खुंट्यांचे. छपरावर झिंगटी नावाची लहान कौले मातीत बसवलेली असतात, आणि पावसाळ्यानंतर त्या मातीत गवत उगवते. ते उपटावे लागते, कौले बदलावी लागतात, कुजलेला टेकू काढून नवा बसवावा लागतो. या वास्तू काही पिढ्यांनी उतरवून पुन्हा रचायच्या असतात, हे गृहीत धरूनच त्या बांधल्या आहेत. ज्या इमारतीचे आयुष्यच डागडुजीवर चालते, तिच्या बाबतीत अस्सलपणा केवळ जुन्या लाकडात शोधणे अपुरे ठरते. तो कोरणाऱ्याच्या हातात आणि डागडुजीचा खर्च उचलणाऱ्या व्यवस्थेतही शोधावा लागतो.

ती व्यवस्था म्हणजे गुठी. गोष्ठी या संस्कृत शब्दाचेच हे रूप. कोणी राजाने किंवा घरंदाज माणसाने देवळासाठी जमीन लावून द्यायची आणि ठरलेल्या कुटुंबांनी त्या जमिनीच्या उत्पन्नातून पूजा, जत्रा, वाद्ये, जेवणे आणि दुरुस्ती चालवायची, अशी ही शतकानुशतके चालत आलेली पद्धत आहे. १९६४ साली सरकारने गुठी संस्थान स्थापून अनेक गुठ्यांचा कारभार हाती घेतला आणि बऱ्याच ठिकाणी जमीन व देऊळ यांचे नाते सुटत गेले. २०१९ च्या जूनमध्ये गुठ्यांविषयीचे नवे विधेयक आले, तेव्हा काठमांडूच्या रस्त्यांवर नेवार समाज इतक्या संख्येने उतरला की सरकारला ते मागे घ्यावे लागले. देवळाच्या व्यवस्थेसाठी हजारो माणसे रस्त्यावर येतात, यावरून ती देवळे त्यांच्या लेखी काय आहेत याची कल्पना येते.

भक्तपूर नगरपालिकेने भूकंपानंतर बरीचशी कामे ठेकेदारांना न देता उपभोक्ता समित्यांमार्फत, म्हणजे त्या त्या वस्तीतल्या लोकांच्या समित्यांमार्फत, स्थानिक सुतार आणि गवंडी यांच्याकडून करून घेतली. माझ्या मते या निर्णयामुळेच येथील पुनर्बांधणी खोऱ्यातील इतर अनेक ठिकाणांहून सरस ठरली. यामागे पूर्वपीठिकाही आहे. १९७४ ते १९८६ या काळात पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने भक्तपूर विकास प्रकल्प चालला, त्यात देवळांबरोबर गटारे, पाणी आणि विटांची फरसबंदी यांचीही कामे झाली आणि कारागिरांची एक पिढी तयार झाली. १९७९ साली काठमांडू खोरे जागतिक वारसा यादीत आले, त्यात भक्तपूरचा दरबार चौक आहे.

आपण जाल तेव्हा वत्सलेच्या नव्या मंदिराजवळ जाऊन दगडांचे रंग न्याहाळावेत. जुने, काळवंडलेले दगड आणि नवे, फिकट दगड शेजारी शेजारी बसवलेले दिसतात. मला ती भिंत पूर्ण जुन्या भिंतीपेक्षा अधिक वाचनीय वाटते. वहीत तिचे रेखाटन जरूर करावे.

प्रश्न : एप्रिलमध्ये तेथे मोठी रथयात्रा असते. सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांना घेऊन ती पाहायला जावे का?

ही बिस्का जात्रा. ती नेपाळी नववर्षाच्या आगेमागे आठ-नऊ दिवस चालते आणि नववर्ष १३ किंवा १४ एप्रिलच्या सुमारास येते. पहिल्या संध्याकाळी तौमढी चौकात भैरवाचा उंच लाकडी रथ मध्ये ठेवतात, त्याला दोन्ही बाजूंनी दोर बांधतात आणि गावाचा वरचा भाग व खालचा भाग तो आपापल्या बाजूला ओढू लागतात. वर्षाच्या अखेरच्या दिवशी लिंगो नावाचा प्रचंड खांब दोरांनी उभा करतात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो खाली पाडला की नवे वर्ष सुरू झाले असे मानतात. खांबावरून दोन लांब पताका लोंबत असतात. त्या दोन नागांच्या खुणा आहेत. एका राजकन्येशी विवाह करणारा प्रत्येक वर पहिल्याच रात्री मरत असे. शेवटी एक परका राजपुत्र जागा राहिला, निजलेल्या राजकन्येच्या नाकपुड्यांतून निघालेले दोन नाग त्याने पाहिले आणि तलवारीने कापले, अशी ती कथा आहे.

जत्रा अविस्मरणीय आहे, पण वृद्धांना गर्दीत नेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. रथ उतारावरून अचानक सुटतो, तरुणांचा जोश आवरत नाही आणि लोक जखमी होण्याचे प्रसंग वारंवार घडतात. न्यायचेच असेल तर चौकावर सज्जा असलेल्या एखाद्या घरात किंवा उपाहारगृहात वरची जागा कित्येक आठवडे आधी ठरवावी आणि दुपारीच जाऊन बसावे.

त्याऐवजी श्रावणी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची गाईजात्रा वृद्धांना अधिक मानवेल. पावसाची तयारी मात्र हवी. वर्षभरात ज्या घरात मृत्यू झाला, ते घर ताहामचा नावाचा बांबूचा उंच सांगाडा सजवून मिरवते. त्यावर गेलेल्या माणसाचे छायाचित्र असते, आणि ती स्त्री असेल तर बांबूला हाकू पटासी, म्हणजे लाल काठाचे काळे नेवारी लुगडे गुंडाळतात. पुढे लहान मुले आणि तरुण समोरासमोर उभे राहून घिंतांग घिसीच्या ठेक्यावर काठीवर काठी मारत नाचतात. शोक आणि ठेका एकाच रस्त्याने जातात. मागून चालणाऱ्या घरच्या माणसांच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नये, एवढी काळजी आपण घ्यावी. रस्त्याच्या कडेला हात जोडून उभे राहणाऱ्या पाहुण्याला तेथे कोणी परका समजत नाही.

प्रश्न : कागदपत्रे, पैसे आणि हवामान याविषयी थोडक्यात सांगावे.

भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाणाऱ्यांनी पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र न्यावे, केवळ आधार कार्डावर विसंबू नये. १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून स्थिर आहे. गावातल्या लहान दुकानांत नेपाळी रुपये सुटे असावेत. ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत चांगला: आकाश स्वच्छ असते आणि शेतकरी भात कापून आणून चौकांत वाळत घालतात. त्या धान्यावर पाय पडू देऊ नये.

प्रश्न : भक्तपूरहून काय आणावे?

कुंभारांच्या चौकातून, म्हणजे तालाको येथून, मातीचे लहान भांडे आणावे. त्या चौकात सकाळी गेल्यास अंगणभर ओळीने वाळत ठेवलेली कच्ची भांडी दिसतात, आणि एखादा वयस्क कुंभार जड चाकाच्या खोबणीत काठी घालून ते गरगर फिरवताना दिसतो. चाकाने वेग घेतला की तो काठी बाजूला ठेवतो, काळ्या मातीच्या गोळ्यात अंगठा रुतवतो, वाटी उभी राहते, ओल्या दोऱ्याने ती कापून फळीवर ठेवली जाते आणि त्याच गोळ्यातून पुढची वाटी वर येते. भट्टी म्हणावी अशी वेगळी इमारतही नसते. भांडी रचून त्यांवर पेंढा आणि राख लोटतात, आणि तो ढीग आतल्या आत काही दिवस धुमसत राहतो.

याच मातीच्या वाडग्यांत जुजु धौ, म्हणजे दह्यांचा राजा, लावतात. म्हशीच्या आटवलेल्या दुधाचे हे गोडसर दही इतके घट्ट असते की वाडगा कलता केला तरी ते सांडत नाही, कारण भाजलेली कोरी माती त्यातले पाणी शोषून घेते. हे दही प्रवासात टिकणार नाही, ते तेथेच खावे. रिकामा वाडगा धुऊन, दिवसभर उन्हात ठेवून, कपड्यांच्या मधोमध गुंडाळून आणावा. घरी त्यात दही लावून पाहावे.